फ्रीज लागला की खेळणाऱ्यानं काय करायचं? (टर्न-बेस्ड गेममधला बर्फ)

जांबोटीचा_पाऊस | रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं शेवटच्या वर्षाला आहोत, बेळगावात रूम घेऊन राहतो. प्रोजेक्ट म्हणून एक छोटा टर्न-बेस्ड (आळीपाळीनं चाल करायचा) गेम बनवालोय. आठ बाय दहा चौकोनांचं मैदान, आपले चार गडी, समोर जंगलातल्या भानगडी. जागा आपलीच, खानापूरकडचं जंगल.

गाडी अडकलीय ती फ्रीजवर. समोरच्या एका प्रकारच्या शत्रूचा वार लागला की तीस टक्के शक्यतेनं आपला गडी गोठतो. तीन टर्न हलायचं नाही, मारायचं नाही. कागदावर बरं वाटलं होतं. परवा रूममधल्या एकाला खेळायला दिलं, तर त्याचा सगळ्यात दांडगा गडी दुसऱ्याच टर्नला गोठला. पुढची तीन टर्न तो नुसतं ‘पुढे’ दाबत बसला आणि चौथ्याला फोन गादीवर आपटून चहा प्यायला गेला. परत आलाच नाही.

तर प्रश्न असा, की फ्रीज ठेवावा का? ठेवला तर किती टर्न? तुम्ही खेळलेल्या गेममध्ये कुठला फ्रीज आवडला आणि कुठल्यानं डोकं फिरलं, तेही सांगा.

कुंदा_स्पेशल | ९:१५

गेम खानापूरचा आणि त्यात बर्फ? कणकुंबीला फ्रीजर लावलास काय?

जांबोटीचा_पाऊस | ९:१६

माहीत होतं पहिला रिप्लाय हाच येणार. बर्फाचं नंतर बघू, आधी नियम सांगा.

टिळकवाडीकर | ९:४१

या विषयावर माझी वीस वर्षांची जखम आहे, त्यामुळं जरा लांबण लागेल.

पोकेमॉनचा पहिला गेम जपानात १९९६ला आला. आमच्यापर्यंत तो बराच उशिरा, मित्राच्या कॉम्प्युटरवर एम्युलेटरमधून (दुसऱ्या यंत्राचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) पोचला. त्या पहिल्या पिढीत फ्रीज लागला की तो आपोआप सुटतच नाही. म्हणजे कधीच नाही. पन्नास टर्न थांबा, शंभर थांबा. सुटायचे मार्ग दोन-तीनच: आइस हीलसारखं औषध, किंवा समोरच्यानं मेहेरबानी करून तुमच्यावर आगीचा वार करणं, किंवा त्यानं हेझ नावाची चाल वापरणं. शहाणा माणूस गोठलेल्यावर आग कशाला मारेल?

त्यात ब्लिझार्ड नावाचा बर्फाचा वार. ताकद १२० आणि लागायची शक्यता नव्वद टक्के. म्हणजे वार जबर आणि चुकतोही क्वचितच. दुसऱ्या पिढीत त्यांनी ही अचूकता सत्तरवर आणली, तेव्हा कळलं की त्यांनाही आपली चूक उमगली होती.

तर मी एलिट फोरपर्यंत, म्हणजे शेवटच्या चार दांडग्यांपर्यंत पोचलो. पहिलीच लोरेलाय, तिच्याकडचे बहुतेक थंडीचे. माझा चारिझार्ड पुढं. तिचा लॅप्रास आला, ब्लिझार्ड मारला, चारिझार्ड गोठला. शेपटीला जाळ असलेला प्राणी! त्या पिढीत आगीच्या जातीलाही फ्रीज लागायचा. आइस हील संपलेलं, कारण सगळे पैसे मी दुसऱ्या औषधांवर उडवले होते. मित्राची आई स्वयंपाकघरातून विचारतेय, ‘जेवायला थांबणार काय रे?’ आणि मी त्या गोठलेल्या जाळाकडं बघत बसलोय.

स्पर्धांमध्ये लोकांनी शेवटी नियमच केला की समोरच्याच्या संघातला एकाच वेळी एकच गोठवायचा. त्याला फ्रीज क्लॉज म्हणतात. खेळणाऱ्यांना बाहेरून नियम करावा लागतो, तेव्हा आतला नियम कच्चा असतो.

माझं मत: काढून टाक.

उद्यमबागी | ९:५८

टिळकवाडीकर काका, पहिली पिढी सोडा की आता. तिसऱ्या पिढीपासून दर टर्नला वीस टक्के सुटायची शक्यता असते. दुसरीत साधारण दहा टक्के होती.

बाकी आमच्या फौंड्रीत फ्रीज म्हटलं की वेगळीच धावपळ. भट्टीतनं काढलेलं लोखंड साच्यात पोचायच्या आत थंड पडलं की दोन धारा एकमेकीला चिकटत नाहीत, मधे शीर राहते. त्याला कोल्ड शट म्हणतात. माल सरळ भंगारात. वीस टक्के सुटायची शक्यता-बिक्यता काही नाही.

टिळकवाडीकर | १०:०१

काका म्हणू नकोस. अडतीसच आहेत.

कुंदा_स्पेशल | १०:०२

बरं काका.

नंदगडची_बाई | १०:२०

मी गेम खेळत नाही, पण मुलगा खेळतो आणि शाळेत रोज तीस मुलं मैदानावर बघते, म्हणून लिहिते.

तुमचा फ्रीज म्हणजे आमचा विष-अमृत. ज्याच्यावर राज्य त्यानं हात लावला, ‘विष’ म्हणाला, की जिथं आहेस तिथं खांब. दुसऱ्या कुणी येऊन ‘अमृत’ म्हणून हात लावला की सुटलास. मला कधी विष मिळालेलं मूल कंटाळून निघून गेलेलं आठवत नाही. उलट ते सगळ्यात जास्त ओरडत असतं, ‘अगं मला दे, इकडून ये, तो मागं आहे बघ!’ पाय बांधलेले असतात, तोंड नाही. आणि बाकीच्यांना तर काम लागतं, कुणाला सोडवायचं, कोण जास्त पळणारा आहे, राज्यवाला कुठं बघतोय.

वरच्या गोष्टीत चारिझार्डजवळ अमृतवाला कुणी नव्हता, म्हणून तुम्हाला राग आला. थंडीचा राग नव्हता तो.

जांबोटीचा_पाऊस | १०:२४

बाई, हे आमच्या चौघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. विष-अमृत तर आम्ही दहावीपर्यंत खेळायचो.

ओली_चप्पल | १०:५२

बाईंचं शंभर टक्के खरं, पण मी आणखी एक मुद्दा घालते. अमृत पाहिजेच, पण विष कसं लागतं हेही बघा. नुसत्या फाशावर लागलं तर राग येतो. आपल्या चुकीनं लागलं तर माणूस स्वतःला शिव्या देतो आणि परत खेळतो.

डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ (२०१७) खेळलाय का कुणी? त्यात थेट फ्रीज क्वचितच. आधी गारठा लागतो. गारठलेल्यावर परत गारठ्याचा वार आला की गोठतो. किंवा गडी ओला असेल आणि त्यावर गारठा आला की थेट गोठतो. म्हणजे पावसाचा मंत्र आधी, बर्फाचा नंतर. आणि अंगावर जादूचं चिलखत शिल्लक आहे तोवर यातलं काहीच लागत नाही. त्यामुळं गोठायच्या आधी निदान दोनदा सूचना मिळते. ‘अरे, मी ओला आहे, चिलखत संपलंय, समोर बर्फवाली बाई उभी आहे, इथं थांबायचं नाही.’ तरी थांबलात तर भोगा.

सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र जमिनीची. पाणी गोठून बर्फ झाला की त्यावर चालताना घसरून आपटतो. उपाय काय, तर खिळे आणि बूट एकत्र करायचे. बुटाला खिळे ठोकले की घसरत नाही! हे गेमनं मला कुठंच ठळक सांगितलं नव्हतं, मीच खटपट करताना सापडलं. रात्री एक वाजता बहिणीला उठवून सांगितलं. तिनं काय सांगितलं ते इथं लिहिता येत नाही.

त्याच कंपनीच्या बाल्डर्स गेट ३ मध्ये (२०२३) ओल्या माणसाला थंडीचा आणि विजेचा मार दुप्पट बसतो. तिथं तर मी पहिल्या लढाईपासून पाण्याचे घडे फेकतच असते.

गोकाकचा_करदंट | ११:०५

फ्रीज वाईट नाही. आपण दुसऱ्याला लावला तर. :)

खरं सांगतो, डायब्लो २ (२०००) मध्ये सॉर्सरेस (जादूगारीण) घेऊन समोरची झुंडच्या झुंड गोठवायची मजा वेगळीच. गोठलेला राक्षस मारला की काचेसारखा फुटतो, प्रेत उरत नाही. फॉलन नावाच्या बारक्या राक्षसांचे शामन आपल्या मेलेल्यांना परत उठवतात ना, त्यांना उठवायला काही शिल्लकच नाही!

आमच्याकडं यावरनं भाऊबंदकी झाली होती. सुट्टीत चुलतभावाच्या घरी दोन कॉम्प्युटर जोडून खेळायचो. मी सॉर्सरेस, तो नेक्रोमान्सर. त्याची सगळी विद्या प्रेतावर. प्रेतातनं सांगाडा उठवायचा, प्रेताचा स्फोट करायचा. आणि मी एकेक करून सगळी प्रेतं काचेसारखी फोडतोय. दोन तास त्यानं सहन केलं, मग वायर काढली. अजून लग्नाकार्यात विषय निघतो.

म्हणून रे जांबोटी, फ्रीजचा परिणाम समोरच्यावरच होतो असं धरू नको. आपल्याच माणसाचं काम बिघडू शकतं. ते गेममध्ये आलं तर मजा येईल.

सीमेवरचा_शिवा | ११:११

फ्रीजचं आम्हाला काय सांगताय? १९५६ पासून लागलाय, २००४ पासून कोर्टात आहे, वीस टक्के शक्यता पण दिसेना.

चावडी_व्यवस्था | ११:१४

शिवा, विनोद पोचला. पण हा धागा गेमचा आहे, तो विषय इथं उघडला तर उद्या सकाळी माझाच फ्रीज होतो. यावर पुढं रिप्लाय नकोत.

कुंदा_स्पेशल | ११:१५

फ्रीज क्लॉज लागू झाला. एका धाग्यात एकच.

हिशेबनीस | ११:३८

कुणीच आकडे मांडले नाहीत, म्हणून मांडतो.

वीस टक्के म्हणजे किती? गडी हलायच्या आधी फासा पडतो असं धरलं तर सरासरी चार टर्न वाया जातात. पण सरासरी फसवते. तीन टर्न सलग न सुटायची शक्यता ०.८ गुणिले तीनदा, म्हणजे ५१ टक्के. दहा टर्न सलग न सुटायची शक्यता जवळजवळ ११ टक्के. दर नऊ-दहा माणसांत एकाला दहा टर्न खांब व्हावं लागणार, आणि नेमका तोच इथं येऊन धागा काढणार.

आता तुझा गेम. तीन शत्रू दर टर्नला एकेक वार करतात, प्रत्येकाचा तीस टक्के असं धर. निदान एक तरी गोठायची शक्यता ६६ टक्के. दर टर्नला! त्यात तीन टर्नचा फ्रीज. म्हणजे तिसऱ्या टर्नपर्यंत दोन-दोन गडी खांब झालेले असण्याचीच शक्यता जास्त. तुझा मित्र फोन आपटून गेला यात त्याचा काही दोष नाही.

दुसरी गोष्ट. चार गड्यांतला एक तीन टर्न गेला तर त्या तीन टर्नमधल्या बारा चाली होत्या, तीन गेल्या. पाव भाग. ते सोसवतं. पण शेवटचा एकच गडी उरला आणि तो गोठला, तर चार आणे नाही, सोळा आणे गेले. म्हणून टर्न किती हा प्रश्न अर्धवट आहे. मैदानात किती जण उरलेत त्यावर ते ठरतं.

टिळकवाडीकर | ११:४४

मी आयुष्यात पहिल्यांदा कळून घेतलं की चारिझार्डबरोबर माझ्याकडं आणखी पाच होते. रागानं बदललेच नाहीत.

निपाणीकर | रात्री १२:१०

एक्सकॉम २ वाल्यांनी हात वर करा.

२०१६ला आलेल्या त्या गेमच्या एका जोडभागात व्हायपर किंग आहे, थंडीचा श्वास सोडणारा नाग. त्याच्यासारखे जे राजे आहेत ते तुम्ही प्रत्येक चाल केली की मधेच आपली चाल करतात. तुम्ही एक गडी हलवा, तो करणार काहीतरी. दुसरा हलवा, परत तो. आपल्याला वाटतं, अरे माझी पाळी आहे की! त्यावर उतारा म्हणून गेम तुम्हाला फ्रॉस्ट बॉम्ब देतो, एका मोहिमेत एकदाच. तो राजावर टाकला की थोडा वेळ का होईना, शांतता. तिथं मला फ्रीजची खरी किंमत कळली. एकदाच मिळतो म्हणून माणूस तीस मिनिटं विचार करतो, आत्ता टाकू की पुढं ठेवू. दर वारात तीस टक्के असता तर कुणी विचारच केला नसता.

मी हा आयर्नमॅनमध्ये खेळत होतो, म्हणजे मागं जायची सोय नाही. राजा गोठलाय, माझे पाच गडी बंदुका रोखून, आणि लाइट गेली. यूपीएस चार महिन्यांपूर्वीच फुगला होता, ‘या महिन्यात बदलू’ चाललेलं. लाइट पावणेदोन तासांनी आली. चालू केलं तर मी एक चाल मागं आणि राजा जागा. तीन गडी गेले. त्यातल्या एकाला बायकोचं नाव दिलं होतं, तेही तिला सांगावं लागलं.

ओली_चप्पल | १२:१४

बायकोचं नाव दिलेल्या गड्याला पुढं का ठेवलंत?

निपाणीकर | १२:१५

तिनं पण हेच विचारलं.

हुक्केरी_हुडगा | सकाळी ७:५०

घरात कन्नड, गल्लीत मराठी, चुकलं तर सांभाळून घ्या. रात्रीत एवढा धागा झाला हौदा!

मी एल्डन रिंगवाला (२०२२). टर्न-बेस्ड नाही, पण तिथला फ्रॉस्टबाइट बघ. तुला थांबवतच नाही. थंडीचे वार बसत गेले की आत माप भरत जातं. भरलं की एकदम एक लचका जातो. मग तीस सेकंद तुला वीस टक्के जास्त मार बसतो आणि दम भरायला वेळ लागतो. हात-पाय चालू, फक्त सगळं जड. आणि त्यातली खुबी म्हणजे आगीचा वार बसला की फ्रॉस्टबाइट जातो आणि माप परत शून्यावरनं भरायला मोकळं. म्हणून लोक मुद्दाम बर्फ, मग आग, मग परत बर्फ असं करतात, दर वेळी तो लचका मिळतो म्हणून.

पोकेमॉनवाल्यांनी पण २०२२च्या लेजेंड्स आर्सियसमध्ये फ्रीज काढून फ्रॉस्टबाइट घातला. दर टर्नला थोडं रक्त जातं, स्पेशल हल्ला निम्मा होतो, पण चाल जात नाही. मला वाटलं सुटलो. त्याच वर्षी पुढच्या मोठ्या गेममध्ये परत जुना फ्रीज आणला. का ते त्यांचं त्यांना ठाऊक.

नंदगडची_बाई | ८:३५

हुक्केरीच्या मुलाचं मराठी इथल्या निम्म्यांपेक्षा बरं आहे.

त्याच्या सांगण्यावरून एक सुचतं. आपल्याकडं याला किती शब्द आहेत! थंडी वाजते तो काकडतो. बोटं वळेनाशी झाली की गारठतो. आणि पार हलेना झालं की थिजतो. थिजणं तर डिसेंबरात सगळ्यांच्या मोरीत असतं, खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. माणूस भीतीनंही थिजतो. गोठणं तेवढं पाण्याला ठेवा. गेममध्ये ‘फ्रोझन’ लिहिण्यापेक्षा काकडला, गारठला, थिजला असं लिहा की. पायऱ्या आपोआप होतील.

ओली_चप्पल | ८:४१

बाई, तुम्ही गेम खेळत नाही म्हणता आणि अख्खं डिझाइन करून दिलंत. ओला, गारठला, गोठला या डिव्हिनिटीच्या पायऱ्यांपेक्षा हे कितीतरी गोड.

उद्यमबागी | ८:५५

बाटली उन्हात ठेवायची नाहीतर गरम पाण्याच्या बादलीत. आमची आज्जी चुलीशेजारी ठेवायची. म्हणजे ‘चूल’ नावाचा चौकोन पाहिजे मैदानात. शेजारी उभा राहिला की एक पायरी उतरली. काय म्हणता?

गोकाकचा_करदंट | ९:०३

चुलीशेजारी चारजण बसले की कोण उठणार लढायला? गेम तिथंच संपला. चहा टाका.

अथणीची_रात्रपाळी | ९:३०

मी ऑनलाइनवाला, मोठ्या मैदानात चाळीस-चाळीस लोकांत खेळलेला, त्यामुळं वेगळं दुखणं सांगतो. माणूस विरुद्ध माणूस असेल तर एकाला फ्रीज, सुटला की परत फ्रीज, सुटला की परत. समोरचा कीबोर्ड फोडतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टनं यावर चांगला तोडगा काढला होता. एकाच माणसाला त्याच जातीची अडवणूक लागोपाठ केली की पहिली पूर्ण वेळ लागायची, दुसरी निम्मा, तिसरी पाव, चौथी लागायचीच नाही. थोडा वेळ मधे गेला की परत पहिल्यापासून. हे तुझ्या गेममध्ये एका ओळीचं काम आहे. एकदा थिजलेला गडी पुढचे दोन-तीन टर्न परत थिजत नाही.

हिशेबनीस | ९:३६

+१. वरचा ६६ टक्क्यांचा त्रास यानं बराच आटोक्यात येतो.

शहापूरची_पैठणी | १०:४८

माझा भाचा गेन्शिन नावाच्या गेमवाला आहे, पाणीवाली आणि बर्फवाली एकत्र घालून सगळ्यांना गोठवतो. पाणी अधिक बर्फ म्हणजे फ्रोझन, इतकं मला त्यानं शिकवलंय. त्याचं एकच रडगाणं: मोठ्या बॉसला फ्रीज लागतच नाही. बारक्या-सारक्यांना लागतो. ‘मावशी, जिथं पाहिजे तिथंच चालत नाही!’

मी म्हटलं बाळा, बँकेत जा कधीतरी. नियम बारक्यांनाच लागतात.

टिळकवाडीकर | १०:५५

पैठणीताईंचा भाचा बरोबर आहे. डायब्लोतही बॉस गोठत नव्हता, नुसता मंद व्हायचा. पण तोडगा म्हणून मंद होणं मला चालतं. ‘काहीच परिणाम नाही’ असं लिहून आलं की मात्र मी घातलेली सगळी मेहनत पाण्यात गेल्यासारखी वाटते. जांबोटी, तुझ्या बॉसला थिजवू नको, पण काकडू दे निदान.

आणि रात्रीचं ‘काढून टाक’ हे मत मी मागं घेतो. बाईंनी माझा राग कुठं आहे ते दाखवल्यावर काय उरलं?

सीमेवरचा_शिवा | ११:०२

फायनल फँटसी ९ (२०००) कुणी काढला नाही म्हणून सांगतो. तिथं गोठलेल्याला अंगाचा (जादूचा नव्हे) वार बसला की तो फुटून सरळ मरतो. पर्सोना ५ मध्ये गोठलेल्याला असाच वार केला तर टेक्निकल म्हणून जादा मार. पण पहिल्यात भीती खरी होती. आपला गडी गोठला की त्याच्यासमोर दुसरा उभा करावासा वाटायचा. करता यायचा नाही ती गोष्ट वेगळी.

(यात सीमा नाही, व्यवस्थेनं नोंद घ्यावी.)

चावडी_व्यवस्था | ११:०५

घेतली.

जांबोटीचा_पाऊस | संध्याकाळी ६:४०

कॉलेज सुटल्यावर चौघं चहाच्या टपरीवर बसलो आणि अख्खा धागा मोठ्यानं वाचला. टपरीवाल्या मामांनी पण मत दिलं (त्यांना चूल पाहिजे).

ठरलं ते सांगतो, बघा पटतंय का.

बर्फ काढला. कुंदा_स्पेशलला नमस्कार, खानापुरात बर्फ नाही. त्या जागी चिखल आणला. आपल्याकडं जून-जुलैत माणूस खरा कशानं खांब होतो, तर भाताच्या खाचरात पाय गेला की. तर पायऱ्या अशा: भिजला, माखला, रुतला. भिजला म्हणजे चाल एका चौकोनानं कमी. माखला म्हणजे दोन चौकोनांनी कमी आणि वार मंद. रुतला म्हणजे पाय हलत नाहीत. पण हात हलतात! शेजारच्या चौकोनातल्या कुणाला मारता येतं, ओरडून लांबच्या गड्याला शत्रू कुठं आहे ते दाखवता येतं. हे बाईंच्या शाळेच्या मैदानावरनं घेतलं.

सुटायचं कसं? शेजारी आपला गडी येऊन हात दिला की सुटला. देणाऱ्याची त्या टर्नची निम्मी ताकद जाते. कुणीच नसेल तर दोन टर्ननंतर आपला आपण निघतो, म्हणजे शेवटचा एकटा उरलेला माणूस कायमचा अडकत नाही. एकदा निघालेला दोन टर्न परत रुतत नाही. बॉस रानगवा आहे, तो रुतत नाही, पण माखतो.

तीस टक्के गेले. आता फासा नाही. खाचरातनं गेलात तर भिजणार, तिथं उभं राहिलात तर माखणार. चूक आपलीच.

ओली_चप्पल | ६:४८

हात हलतात हे वाचून टाळी वाजवली. बुटाला खिळे?

जांबोटीचा_पाऊस | ६:५०

खिळे चिखलात उपयोगाचे नाहीत. पण इरलं ठेवलंय, अंगावर असलं तर ‘भिजला’ लागत नाही. इरलं घेतलं तर धनुष्य घेता येत नाही, दोन्ही पाठीवर मावत नाहीत.

हिशेबनीस | ७:०५

हात देणाऱ्याची निम्मी ताकद जाणार असेल तर कधीकधी त्याला तिथंच सोडून पुढं जाणं फायद्याचं ठरेल. मी दोन टर्न मोजून बघितले. शत्रू तीन चौकोनांपेक्षा लांब असेल तर सोडून देणंच बरं पडतं.

नंदगडची_बाई | ७:२०

मुलंही तसंच करतात. ज्याच्याशी सकाळी भांडण झालेलं असतं त्याला शेवटपर्यंत अमृत मिळत नाही.

गादीवर_फोन_आपटणारा | ८:०२

नवीन खातं काढलं. मीच तो. आधी सांगतो, फोन गादीवर आपटला, भिंतीवर नाही. आज नवीन खेळून बघितला. पहिल्या दहा मिनिटांत माझा दांडगा गडी परत अडकला, खाचरात. पण या वेळी मी उठलो नाही. त्याला काढायला दुसरा पाठवला, तो पण रुतला. मग तिसरा.

कुंदा_स्पेशल | ८:०४

चौथा?

गादीवर_फोन_आपटणारा | ८:०५

चौथ्याला चुलीशेजारी बसवलाय. मामांच्या मतानं.

निपाणीकर | ८:२०

खानापूरचं जंगल, पावसाळा, चिखल, आणि एक गोष्ट अजून कुणीच विचारली नाही. जळवा कुठं आहेत?

जांबोटीचा_पाऊस | ८:२६

आहेत की. माखलेल्या गड्याला लागतात, दर टर्नला थोडं रक्त. उतारा मीठ, नाहीतर तंबाखू. मीठ मिळतं गेमात, तंबाखूचं चित्र अजून काढलं नाही.

निपाणीकर | ८:२७

तंबाखूचं चित्र निपाणीकडनं येईल. उद्या फोटो टाकतो.